काढूनच टाका, डॉक्टर!

पनवेलमध्ये दोन शेजाऱ्यांची पार्किंगवरून जुंपली आणि एकाने ठोसा लगावून दुसऱ्याची दाढ पाडली, तर प्रकरण ‘जाऊ द्या हो, सोसायटीतलंच आहे’ इतक्यावर मिटत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार ती गंभीर दुखापत ठरते. डोळा जाणं, कान जाणं, हातपाय निकामी होणं या भयंकर यादीतच हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणं या प्रकाराला मानाची जागा आहे, आणि अशी दुखापत जाणूनबुजून करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही नव्या कायद्याची मेहेरबानी नव्हे. १८६० च्या दंड संहितेतही कलम ३२० मध्ये दात हाडाच्या मांडीला मांडी लावून बसला होता. इंग्रज सरकारला इथल्या माणसाच्या पोटाची फिकीर नसेल, दाढेची मात्र होती. आणि ज्याच्या दाढेच्या राखणीला कायदा दीडशे वर्षांहून अधिक काळ उभा आहे, तो माणूस काय करतो? दाढ ठणकायला लागली की स्वतःच्या पायांनी दवाखान्याचा जिना चढतो, खुर्चीत आडवा होतो, एक्स-रे निघायच्या आत ‘काढूनच टाका डॉक्टर, कटकट नको’ म्हणतो, आणि जे काम शेजाऱ्याने फुकट केलं असतं तर तो आत गेला असता, त्याच कामाचे वर पैसे मोजून येतो.

या वाक्यामागे गरिबी असते किंवा भीती असते, असं सर्वसाधारण मत आहे. दोन्ही थोड्याथोड्या असतीलही. पण माझ्या मते खरं कारण निराळं आहे: दात हा शरीराचा अवयव आहे, हेच आपल्याला मनापासून पटलेलं नाही. डोळ्यात मोतीबिंदू झाला तर ‘काढून टाका, दुसरा आहे ना’ असं कुणी म्हणत नाही. गुडघा झिजला तर माणूस चार डॉक्टर, दोन मालिशवाले आणि एक बाबा पालथे घालतो. दाढेच्या नशिबी अपील नाही, थेट फाशी. घरातला संवादही ऐकण्यासारखा असतो. ‘बरं नाही का?’ ‘नाही, तसं काही नाही, दाढच दुखतेय.’ रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नाही, गाल पुरीसारखा फुगलाय, पण आजारी म्हणवून घ्यायची सोय नाही. दाढदुखीची रजा साहेबाला आळस वाटते आणि घेणाऱ्यालाही तशीच वाटते. फॅमिली डॉक्टर ‘आ करा’ म्हणतात तेव्हा त्यांची बॅटरी दातांवरून सरळ घशाकडे जाते, जणू दात म्हणजे वाटेतलं कुंपण. विमा कंपन्यांनी हे आपलं मत ओळखून पॉलिसीत छापूनच टाकलं आहे. बहुतेक मेडिक्लेममध्ये दातांचे उपचार वगळलेले असतात. अपघाताने दात मोडून रुग्णालयात भरती व्हावं लागलं तरच काही आशा. म्हणजे इथेही शेजाऱ्याचा ठोसाच उपयोगी पडतो. दाढ आपली आपण किडवली तर कंपनीही म्हणते, हा काही आजार नव्हे.

अवयव न मानण्याची शिक्षा दात पुरेपूर देतो, कारण इतर अवयवांना जी सवलत आहे ती त्याला नाही. दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. पण ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येईपर्यंतच नाहीशा होतात. मोडलेलं हाड जुळतं, फाटलेली कातडी भरून येते, यकृताचा तुकडा कापला तरी ते वाढून येतं. इनॅमलला एकदा खड्डा पडला की पडला. मग पायऱ्या ठरलेल्या. आधी थंड लागतं, तेव्हा माणूस आइस्क्रीम दुसऱ्या बाजूने खायला शिकतो. मग गोड लागतं, तेव्हा लवंग धरतो. मग रात्री आडवं झालं की ठणका सुरू होतो, तेव्हा मेडिकलवाल्याकडून गोळी येते, आणि तीही ‘मागच्या वेळी दिलेली ती पांढरी’ अशा वर्णनावर. यानंतरची पायरी सगळ्यात फसवी. एके दिवशी दुखणं आपोआप थांबतं. माणूस घरभर सांगत सुटतो की बघा, डॉक्टरशिवाय बरी झाली. प्रत्यक्षात आतली नस मेलेली असते; तक्रार करायला कुणी उरलेलं नसतं इतकंच. जंतू मुळाच्या टोकापाशी निवांत बिऱ्हाड करतात आणि सहा महिन्यांनी, शक्यतो लग्नाच्या आदल्या रात्री, गाल सुजतो. तेव्हा मात्र ते वाक्य येतंच.

ते वाक्य म्हणणाऱ्याचा हिशेब साधा असतो. रूट कॅनलला काही हजार, वर कॅपचे आणखी, आणि काढायला काहीशे. बत्तीसमधून एक गेली, एकतीस उरल्या. पनवेलकराने असा हिशेब करावा याचं मला विशेष आश्चर्य वाटतं. सिडको १९७० साली स्थापन झाली तेव्हापासून या तालुक्याने एकच धडा पुन्हा पुन्हा गिरवला आहे: रिकामा प्लॉट रिकामा राहत नाही. तुम्ही कुंपण घातलं नाही तर दोन्ही बाजूचे आत सरकतात, आणि दहा वर्षांनी तुम्हाला बांधायचं असतं तेव्हा जागाच सापडत नाही. जबड्यातला कारभार हुबेहूब असा आहे. दाढ गेली की मागची दाढ तिरकी होऊन त्या जागेत झुकते. समोरच्या जबड्यातली, जिला चावायला जोडीदार उरला नाही, ती हळूहळू आपल्या रांगेतून उतरून पोकळीत डोकावू लागते. झुकलेल्या दाढेच्या आडोशाला पालेभाजी साठते, तिथे नवी कीड धरते. आणि खुद्द प्लॉटची जमीनच खचते. दाताभोवतीचं हाड दातासाठीच असतं. दात गेला की शरीर ते परत घेऊ लागतं, आणि पहिल्या वर्षभरातच त्याची रुंदी निम्म्याच्या आसपास कमी होऊ शकते. मग पाच वर्षांनी हाच माणूस ‘फिक्स दात बसवा’ म्हणत येतो, तेव्हा त्याला कळतं की ब्रिजसाठी दोन्ही बाजूच्या धडधाकट दाढा घासाव्या लागतील, म्हणजे एका मेलेल्यापायी दोन जिवंतांना सुळावर चढवायचं. किंवा इम्प्लांट करायचं तर आधी तिथे हाड भरावं लागेल. काहीशे रुपयांत सुटलो असं जे वाटलं होतं, तो पहिला हप्ता होता.

यावर हमखास उत्तर येतं की रूट कॅनल फार दुखतं. या दोन शब्दांना आपल्याकडे लोक इन्कम टॅक्सच्या नोटिशीपेक्षा जास्त भितात. गंमत अशी की दुखत असतं ते आधीच; रूट कॅनल हा ते थांबवायचा मार्ग. बधिर करण्याचं इंजेक्शन दिल्यावर दाताला भोक पाडून आतली खराब नस काढायची, केसासारख्या बारीक फायलींनी नळ्या साफ करायच्या, धुवायच्या आणि पक्क्या बुजवायच्या, एवढंच हे काम. ‘एवढंच’ म्हणायचं खरं, पण वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन आणि नळ्या बऱ्याचदा चार. चौथी इतकी लपून बसलेली असते की तिला शोधताना डॉक्टरच्या कपाळावर जो घाम येतो तो पाहून रोग्याला वाटतं, आपलं काही खरं नाही. या नळ्या ज्या गुलाबी काड्यांनी बुजवतात ते गटापर्चा म्हणजे मलायाकडच्या एका झाडाचा चीक. १८७० मध्ये सुएझ आणि एडनवरून समुद्राच्या तळातून मुंबईपर्यंत तारेची केबल आली, तिच्यावर पाणी लागू नये म्हणून हाच चीक चढवलेला होता. खाऱ्या पाण्यात मैलोन्‌मैल टिकलेली वस्तू आपल्या तोंडात वीस मिलिमीटर टिकेल, यावर विश्वास ठेवायला हरकत नसावी. पण पनवेलकर फसतो तो पुढच्या टप्प्यावर. नस काढली, ठणका थांबला, की तो डॉक्टरला आणि डॉक्टरच्या फोनला ओळख देईनासा होतो. कॅप नंतर बघू. दिवाळी जाऊ दे. आता गणपतीनंतर. आधीच पोखरलेली, वरून भोक पाडलेली दाढ उघड्या डोक्याने काम करत राहते, आणि एका चकलीवर उभी फुटते. उभी चीर मुळापर्यंत गेली की मग ती खरोखरच काढावी लागते, आणि माणूस सगळ्यांना सांगतो, ‘रूट कॅनल करून काही उपयोग होत नाही, मी केली होती.’

कॅपच्या बाबतीत आणखी एक मजा आहे. झिर्कोनियाच्या कॅपबरोबर हल्ली वॉरंटी कार्ड येतं, पाच वर्षांचं, दहा वर्षांचं, आणखीही. हे कार्ड लोक फ्रिजच्या कार्डासोबत फायलीत जपून लावतात. पण ज्या दाढेवर ती कॅप बसली आहे तिची वॉरंटी कुणी मागत नाही, आणि कॅपच्या कडेला ब्रश फिरवायचा तर त्याला वेळ नसतो. कॅप अभंग राहते, खालची दाढ कुजून जाते, आणि कार्डावर अजून चार वर्षं शिल्लक असतात.

आपण पैसे कुठे टाकतो हे बघितलं की दाताबद्दलचं आपलं खरं मत कळतं. खांदा कॉलनीपासून विश्राळी नाक्यापर्यंत कुठल्याही दातांच्या दवाखान्याची पाटी पाहा. तिच्यावर एक गोरी बाई हसत असते. ती पनवेलची नाही हे उघड आहे. पनवेलचा माणूस फोटोत इतका हसत नाही. पण मुद्दा असा की तिचे दिसतात ते पुढचेच. मागच्या दाढा आहेत की बाईने त्या मागेच काढून टाकल्या, हे पाटीवरून कळायला मार्ग नाही. साखरपुडा ठरला की मुलाचे पुढचे दात चकाचक करून घेण्यासाठी पाच आकडी रक्कम निघते, आणि त्याच मुलाच्या खालच्या दाढेची गेली तीन वर्षं रिकामी असलेली जागा ‘दिसत नाही’ म्हणून तशीच राहते. अन्न दळायचं सगळं काम दाढांचं. पुढचे दात तुकडा तोडून मागे पाठवतात आणि उरलेला वेळ हसतात. थंडीत मडक्यात भाजलेली पोपटी असो, सुकं मटण असो की तांदळाची गार झालेली भाकरी, तिचा निकाल मागेच लागतो. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात, पण तो निदान दोन्ही सांभाळतो. आपण दाखवायचे सांभाळून खायचे सोडून दिले. संपूर्ण कवळी घेतलेल्यांनी तर हे टोकाला नेलं आहे. कवळीची चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढीच, त्यात वर्षागणिक हिरडी झिजते आणि ती सैल होते. म्हणून लग्नाच्या हॉलमध्ये आजोबा ग्रुप फोटोसाठी कवळी घालतात आणि पंगतीत बसताना काढून रुमालात बांधतात. इथे थोरामोठ्यांनाही सूट नाही. १७८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्यांत पाणघोड्याचे सुळे, दुसऱ्या माणसांचे दात आणि धातूचे स्क्रू होते. डॉलरवरच्या चित्रात ते ओठ का मिटून आहेत, याचं मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

‘पण आता इम्प्लांट आलंय ना,’ असं म्हणून नव्या पिढीतला माणूस हा सगळा युक्तिवाद एका फटक्यात निकालात काढू पाहतो. आलंय, आणि ते खरोखर नवलाचं आहे. १९५० च्या दशकात स्वीडनमधले पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातलं रक्ताभिसरण बघत होते. त्यासाठी हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण प्रयोग संपल्यावर निघेना; हाडाने ते आपलंसं करून टाकलं होतं. दुसरा कुणी असता तर महागडं उपकरण वाया गेलं म्हणून चिडला असता. ब्रोनेमार्कनी १९६५ मध्ये एका माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे खिळे बसवून त्यावर दात चढवले. तो माणूस २००६ मध्ये वारला, तोवर ते खिळे जागेवर होते. आपल्या कोकणचाही या धातूशी संबंध आहे, थोडा लांबचा. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट सापडतं, ज्यातून टायटॅनियम काढता येतं. ती वाळू समुद्रकिनारी फोटोच्या कामी येते आणि पनवेलकराच्या जबड्यात बसतं ते कोरियाचं, इस्रायलचं नाहीतर स्वित्झर्लंडचं. असो. इम्प्लांटची तारीफ करूनही मला त्याच्याविरुद्ध एक साक्ष नोंदवायची आहे. खरा दात हाडात ठोकलेला नसतो. तो बारीक तंतूंनी खोबणीत टांगलेला असतो. भातात खडा आला तर हे तंतू क्षणात मेंदूला कळवतात आणि जबडा जागच्या जागी थांबतो, ‘तांदूळ कुणी निवडला’ हा प्रश्न तोंडातून बाहेर पडायच्या आधीच. इम्प्लांटभोवती असे तंतू नाहीत. ते इमानदारीने खडाही चावतं. शिवाय ते बसवून हाडाशी एकजीव व्हायला तीन ते सहा महिने जातात, आणि साखर आटोक्यात नसलेल्या किंवा तंबाखू न सोडणाऱ्या तोंडात ते टिकेलच याची खात्री देता येत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती कितपत आहे हे कुठल्याही एसटी स्टँडच्या भिंतीवर वाचता येतं. सांगायचं तात्पर्य, जगातला उत्तमातला उत्तम बदली दात हा आपल्या जुन्या, सिमेंट भरलेल्या दाढेच्या खालोखाल आहे. पंचवीस-तीस हजारांपासून पुढे मोजून आपण दुसरा नंबर विकत घेतो.

सगळ्यात जुना आणि भावनेने ओथंबलेला आक्षेप आजोबांचा. ‘आमचे आजोबा पंच्याऐंशीव्या वर्षी दातांनी ऊस सोलत, आणि आयुष्यात कधी डेंटिस्ट बघितला नाही.’ रायगड जिल्ह्यातल्या घराघरांत हे आजोबा आढळतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण त्यांची संख्या संशयास्पद आहे. कारण त्याच घरात एक आजीही होती आणि तिच्याजवळ एक मुठीएवढा पितळी खलबत्ता होता. जेवण झालं की ती पायरीवर बसायची, अडकित्त्याने सुपारी कातरायची, पान, चुना, कात, बडीशेप त्या इवल्याशा खलात घालायची आणि टकटक टकटक करत त्याचा लगदा करायची. नातवंडांना तो आवाज गोड वाटायचा. तो आवाज म्हणजे दातांचं काम बाहेरून करून घेण्याची सोय होती. घरचा स्वयंपाकही तिच्याभोवती वळलेला होता: गुरगुट्या भात, पेज, दुधात कुस्करलेली भाकरी, काटे काढलेला मासा. आजोबांचा ऊस सगळ्यांनी लक्षात ठेवला, आजीचा वीस वर्षांचा मऊ भात कुणी सांगत नाही. आणि आणखी एक बारीक हिशेब आहे. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारतीय माणसाचं सरासरी आयुर्मान साधारण ३२ वर्षं होतं. दातही ३२. वर्षाला एक, चोख व्यवहार. (सरासरी इतकी खाली होती ती बालमृत्यूंमुळे, हे मान्य, पण हिशेब इतका सुबक आहे की मोह आवरत नाही.) आता आयुष्य सत्तरीच्या घरात गेलं आणि दात तेवढेच राहिले. त्यात दिवसाला चार चहा, प्रत्येकासोबत बिस्किट, आणि अधूनमधून टॉफी. आजोबांची कडुनिंबाची काडी इथे कशी पुरी पडावी? आयुर्वेदाचा हवाला देणाऱ्यांनाही एक सांगायला हवं, विशेषतः पनवेलमध्ये, जिथे १८७२ पासून धूतपापेश्वरची औषधं बनतात. सुश्रुताने तोंडाचे पासष्ट रोग मोजले आहेत आणि दात किडणं त्यांत आहे. आणि वरचा दात हलत असला तरी वैद्याने तो उपटू नये, असं तो बजावतो. त्याने दिलेलं कारण आजच्या विज्ञानाला मान्य होणार नाही, पण चिमटा हातात घेण्यापूर्वीचा त्याचा संकोच मला फार आवडतो. ‘मग एकदंताचं काय अडलं?’ असंही एखादा पेणच्या मूर्तीकडे बोट दाखवून विचारतो. त्याचं अडलं नाही, कारण त्याने तुटलेल्या दाताने महाभारत लिहिलं अशी कथा आहे. आपली काढलेली दाढ जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जाते.

या सगळ्या आक्षेपांच्या तळाशी जो खरा आक्षेप असतो तो माणूस जिना उतरल्यावर बोलतो. ‘एक दाखवायला जावं तर चार किडक्या निघतात. धंदा आहे सगळा.’ हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. दोन दातांच्या मधली कीड आरशात दिसत नाही, एक्स-रेत दिसते, त्यामुळे चार निघणं हे पुष्कळदा खरंच असतं. पण गरज नसताना कॅप चढवणारे नसतीलच असं कोण म्हणेल? आणि एकाच कामाचे दर रस्ता ओलांडला की बदलतात हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त यावरचा उपाय दाढ काढणं हा होत नाही. टीव्ही दुरुस्त करणाऱ्यावर विश्वास नसला तर आपण दुसऱ्याला दाखवतो, टीव्ही गाढी नदीत फेकत नाही. दुसऱ्याला दाखवण्याची सोय महाराष्ट्रात फार थोड्या शहरांना असेल इतकी पनवेलला आहे. १ ऑक्टोबर २०१६ ला महानगरपालिका झाली तेव्हा तिच्या हद्दीत कामोठ्याचं एम.जी.एम. आणि खारघरचं वाय.एम.टी., अशी दोन दंत महाविद्यालयं आयती आली. तिथे खासगी दवाखान्याच्या मानाने कमी पैशांत काम होतं. वेळ मात्र भरपूर लागतो, कारण विद्यार्थी प्रत्येक टप्पा सरांना किंवा मॅडमना दाखवतो, सही घेतो, मग पुढे सरकतो. घाई असलेल्याला याचा वैताग येतो. मला विचाराल तर आपल्या तोंडातल्या कामावर दर अर्ध्या तासाला कुणीतरी वरिष्ठ नजर टाकून सही करतंय, ही चैन पैसे देऊनही मिळत नाही. शिवाय या विद्यार्थ्यांना परीक्षेआधी ठरावीक प्रकारची ठरावीक कामं पूर्ण करावी लागतात: इतकी सिमेंटं, इतक्या रूट कॅनल, इतक्या कवळ्या. सत्र संपत आलं आणि कवळीचा कोटा राहिला की एकही दात नसलेला माणूस तिथे नवरदेवासारखा मिरवतो. ‘काका, उद्या नक्की या हं, मी गेटवर थांबते’ असं त्याला फोन करून सांगितलं जातं. बोळक्या तोंडाच्या माणसाची इतकी आतुरतेने वाट पाहणारी दुसरी जागा या तालुक्यात नाही, घरीही नाही.

पैशांचं म्हणाल, तर दातावर मारायला पैसा नाही अशी परिस्थिती खरोखर ज्यांची आहे त्यांच्याशी माझा वाद नाही. त्यांच्यासाठी उपजिल्हा रुग्णालय आणि ही महाविद्यालयं आहेत, आणि सरकारने दाताला अवयव मानून अधिक सोयी कराव्यात ही मागणी रास्तच आहे. माझा वाद आहे तो तीन वर्षांत जुना होणारा फोन हप्त्यावर घेताना न कचरणाऱ्याशी. चाळीस वर्षं चालू शकणाऱ्या दाढेचा हप्ता पडतो का, असं विचारायची त्याला लाज वाटते. आणि काढूच नये असाही माझा हट्ट नाही. वाकडी येऊन शेजारच्या दाढेला ढोसणारी अक्कलदाढ, उभी चिरलेलं मूळ, हिरडीच्या आजाराने पार लटकलेला दात, हे काढावेच लागतात. तिथे वाचवण्याचा आग्रह धरणारा डॉक्टर हाच संशयास्पद. माझा आग्रह इतकाच की फैसला खुर्चीत बसलेल्याने एक्स-रेआधी सुनावू नये. ते वाक्य जिभेवर आलंच तर गिळून तीन गोष्टी विचाराव्यात: हिचं मूळ शाबूत आहे का, वाचवायची तर कॅपसकट एकूण किती, आणि काढली तर त्या जागेत काय बसवायचं आणि कधी. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकल्यावर बऱ्याच जणांना पहिल्या दोनांत रस वाटू लागतो.

ज्यांची बत्तिशी आधीच निम्मी झाली आहे त्यांना हे सगळं उशिराचं वाटेल. त्यांनी घरातल्या पहिली-दुसरीतल्या मुलाला आज रात्री उजेडात ‘आ’ करायला लावावं. दुधाच्या दातांच्या रांगेमागे, सगळ्यात शेवटी, एक मोठी खाचाखाचांची दाढ उगवलेली दिसेल. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास येते आणि तिच्यासाठी कुठलाही दात पडत नाही, म्हणून ती आली हे आईबापांना कळतच नाही. कळलं तरी दुधाचीच समजून ‘पडेल आणि नवी येईल’ म्हणून सोडून देतात. म्हणूनच बऱ्याच मोठ्या माणसांच्या तोंडात पहिली रिकामी जागा हिचीच असते. तिच्या खाचा लेप लावून बुजवून घ्यायला पाच-दहा मिनिटं लागतात, इंजेक्शन लागत नाही. ती दुधाची नाही, आणि गेली तर तिच्यामागून दुसरी येणार नाही.